गावाची खोली, पावती एकाची

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ रहिवाशांना नव्या बहुमजली इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या एका खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने तो सणाचाच दिवस होता आणि त्याची दखलही तशीच घेतली गेली. मुंबईपासून सुमारे तीनशे किलोमीटरवर, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या पाटण तालुक्यात मात्र हे वृत्त आनंदाबरोबरच काहीशा अस्वस्थतेने वाचले जावे, अशी परिस्थिती आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, लालबाग, परळ, मस्जिद बंदर ही नावे या तालुक्यातील घरोघरी मनिऑर्डरीच्या पावत्यांवरून ठाऊक झालेली. गावातला मुलगा मुंबईला निघाला, की त्याच्या खिशात यांपैकीच एखाद्या ठिकाणच्या चाळीचा आणि खोलीचा क्रमांक असे. ती खोली कोणा एकाची नसे. ती गावाची असे. पुनर्विकासाच्या यादीत मात्र गावाचे नाव नसते. तेथे एका माणसाचे नाव असते, आणि बहुधा तो माणूसही आता हयात नसतो.

महानगराच्या गजबजलेल्या मध्यवस्तीत भाड्याने राहण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नाची चर्चा मुंबईत घरमालक विरुद्ध भाडेकरू अशीच होत आली. या दोघांच्या मध्ये एक तिसरा पक्ष होता. कायद्याने त्याला कधी ओळखले नाही, आणि चाळी पाडल्या जात असताना तो निमूटपणे बाहेर पडतो आहे. हा पक्ष म्हणजे गाव.

'गावाची खोली' किंवा 'मंडळाची खोली' ही संस्था ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांना तिची कल्पना येणे कठीण आहे. दहा बाय बारा किंवा दहा बाय पंधराची एक खोली, कोपऱ्यात मोरी, वर लाकडी माळा, भिंतीला एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे. अशा एका खोलीवर गावातील पंधरा-वीस, प्रसंगी त्याहूनही अधिक पुरुष राहत. गिरण्या तीन पाळ्यांत चालत असल्याने सारे एकाच वेळी खोलीत नसत. एक पाळी कामावर, एक झोपेत आणि एक बाजारात किंवा तालमीत, असा हिशेब बसे. उन्हाळ्यात गॅलरी आणि गच्ची हीच शयनगृहे. प्रत्येकाने महिन्याला ठरलेली वर्गणी द्यायची, त्यातून भाडे, दिवाबत्ती आणि झाडलोट भागवायची, उरलेले पैसे शिल्लक टाकायचे. आणि त्या शिलकीतून गावात ग्रामदैवताचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, भजनी मंडळाचे साहित्य असे काहीतरी उभे राहायचे. या तालुक्यातील कित्येक गावांत देवळाच्या सभामंडपात 'मुंबईकर मंडळी'च्या देणगीची संगमरवरी पाटी दिसते. त्या पाटीचा उगम अशाच एखाद्या खोलीतील वर्गणीच्या वहीत असतो.

नवख्या मुलाला काम मिळेपर्यंत वर्गणी माफ असे. बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात उभे राहण्याचे, कोणत्या मुकादमाला भेटायचे याचे, आजारी पडल्यास केईएममध्ये कोणती खिडकी गाठायची याचे शिक्षणही खोलीतच मिळे. जेवणाची सोय खानावळीत. या खानावळी चालविणाऱ्या बायका बहुतेक गिरणगावातीलच असत. त्यांच्याच संघटनेतून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. थोडक्यात, शहराच्या ऐन मध्यात, कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, अत्यल्प मोबदल्यात राहण्याची ही व्यवस्था शासनाने उभारली नव्हती आणि बाजारानेही उभारली नव्हती. ती गावाने आपल्या बळावर उभी केली होती.

असा प्रकार केवळ घाटावरच्या मंडळींचा होता असेही नव्हे. धोबी तलाव, माझगाव, डोंगरी या भागांत गोमंतकीयांचे 'कूड' होते आणि त्यांतील काही आजही आहेत. बोटीवर नोकरीला जाणारा किंवा बोटीवरून उतरलेला गोवेकर आपल्या गावाच्या कुडात उतरे. कूड आणि गावाची खोली यांत फरक एकच, पण तो निर्णायक आहे. अनेक कुडांना नाव होते, नियमावली होती, निवडलेले पदाधिकारी होते. त्यांचा संस्था म्हणून ठसा होता. घाटावरच्या खोल्यांचा कारभार मात्र विश्वासावर चालला. पावती कोणाच्या तरी नावे असावी लागते म्हणून ती गावातील एखाद्या वडीलधाऱ्या, सही करता येणाऱ्या माणसाच्या नावे घेतली गेली. पुढे काय होईल याचा विचार तेव्हा कोणाला सुचण्याचे कारणही नव्हते.

पाटणचा माणूस मुंबईला गेला याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावरील पाटणपासून कोणत्याही दिशेला निघाले तरी डोंगर लागतो. भात, नाचणी, वरी यांवर कुटुंबाचे वर्ष निघत नाही, आणि जमिनीचे तुकडे पिढीगणिक लहान होत जातात. त्यात कोयना धरण झाले. शिवाजीसागर जलाशयाखाली खोऱ्यातील गावे गेली, माणसे अनेक जिल्ह्यांत विखुरली. धरणाच्या पाण्यावरील वीज साठच्या दशकात मुंबईकडे निघाली आणि त्याच विजेवर चालणाऱ्या शहरात काम शोधण्यासाठी खोऱ्यातील माणसेही निघाली, हा योगायोग बोलका आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले, तेव्हा उरल्यासुरल्या स्थैर्यालाही तडा गेला. पुढे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचे जंगल उभे राहिले. तरी पठाराखालच्या गावांतील तरुणांची मुंबईची वाट त्यामुळे बंद झाली नाही.

गिरण्यांइतकाच या तालुक्याचा संबंध माथाडी कामाशी आहे. मस्जिद बंदर आणि मांडवीच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्यांत ढेबेवाडी खोऱ्यातील माणसे मोठ्या संख्येने होती. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील हे याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कामगारांना नोंदणी, मंडळ, भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. या कायद्याची चर्चा मजुरीच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. निवाऱ्याच्या अंगाने पाहिले तर एक वेगळीच गोष्ट दिसते. कांदा-बटाट्यापासून धान्य, मसाले, भाजीपाल्यापर्यंतचे घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला हलले, आणि बाजारामागोमाग माथाडीही कोपरखैरणे, घणसोलीकडे गेले. संघटना बळकट असल्याने तेथे माथाडींसाठी घरे झाली. मध्यवस्ती सुटली, पण हाती काहीतरी पडले. गिरणी कामगाराच्या वाट्याला हेही आले नाही.

खोली टिकली कशी, याचे उत्तर भाडे नियंत्रण कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. युद्धकाळातील टंचाईवर तात्पुरता उतारा म्हणून आलेली ही तजवीज मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धशतक टिकली. भाडे गोठले, भाडेकरूला काढणे जवळपास अशक्य झाले. तेव्हा मालकांनी आपला मोबदला दुसऱ्या वाटेने वसूल करण्यास प्रारंभ केला. खोली देताना एकरकमी पागडी घ्यायची आणि पुढे खोली हस्तांतरित होताना साधारण एक तृतीयांश रक्कम मालकाने ठेवायची, हा रिवाज रूढ झाला. कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा होता आणि व्यवहाराच्या दृष्टीने नित्याची बाब. गावागावांनी वर्गणी काढून, प्रसंगी बायकांच्या अंगावरचे दागिने मोडून पागडी भरली. ही रक्कम गावाने भरली याचा कागद मात्र कोठेच नव्हता, कारण ज्या व्यवहाराची पावती देणेच बेकायदा, त्याचा पुरावा राहणार कोठून? गावाच्या मालकीचा पाया असा मुळातच कच्चा राहिला.

गोठलेल्या भाड्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावयास हवी. महिन्याला दहा-वीस रुपये भाड्यात कोणताही मालक इमारतीची डागडुजी करीत नाही. परिणामी चाळी खंगत गेल्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाची स्थापना होऊन उपकर बसविण्यात आला, तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती साडेएकोणीस हजारांहून अधिक होत्या. दरवर्षी पावसाळ्यात एखादी इमारत कोसळते, माणसे दगावतात, चौकशीचे आदेश निघतात. या दुर्दशेचे खापर केवळ मालकांच्या लोभावर फोडणे न्याय्य नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली मलपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात गोठविलेल्या प्रमाणभाड्याची तरतूद अवास्तव ठरविली आणि त्यानंतरच १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. ३१ मार्च २००० पासून तो अमलात आहे. या कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली आणि पागडीलाही कायदेशीर मान्यता दिली. पण मूळ भाडेच इतके क्षुल्लक, की चार टक्क्यांनी फारसे काही बदलले नाही.

खरा घाव बसला तो १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. संप लांबत गेला तशी खोल्यांवरची माणसे गावाकडे परतली. एरवी वीस माणसांनी भरलेल्या खोलीत चार-पाच उरली. वर्गणी आटली. जो मागे राहिला, तोच भाडे भरू लागला, आणि बहुतेक ठिकाणी तो पावतीवरच्या माणसाचा मुलगा किंवा पुतण्या होता. त्याने लग्न केले, बिऱ्हाड आणले. पुरुषांची सामाईक खोली हळूहळू एका कुटुंबाचे घर झाली. यात त्या कुटुंबाचा दोष काय? ज्याने तीस-चाळीस वर्षे भाडे भरले, नळाच्या रांगेत उभे राहिले, गळके छप्पर सांभाळले, त्याला खोली आपली वाटणे स्वाभाविकच होते. दुसरीकडे गावातील म्हाताऱ्या माणसांना आपल्या बापाने भरलेली पागडी आठवते. दोन्ही बाजूंकडे आपापले सत्य आहे आणि म्हणूनच हे भांडण यात्रेच्या बैठकीत सुटत नाही.

कायद्याचे उत्तर मात्र निःसंदिग्ध आहे. भाडेकरू मृत्यू पावल्यास त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे, तसा कोणी नसल्यास वारसाकडे भाडेहक्क जातो. हे १९४७ च्या कायद्यात होते आणि १९९९ च्या कायद्यातही आहे. कायद्याला रक्ताचे नाते समजते, गावकीचे समजत नाही. इतकेच नव्हे, वर्गणी देऊन राहणाऱ्या गाववाल्यांना मालकाने पोटभाडेकरू ठरविले, तर मूळ भाडेकरूचाच हक्क धोक्यात येतो. त्यामुळे न्यायालयात 'आम्ही सारे मिळून येथे राहत होतो आणि भाडे वाटून भरत होतो' असे सांगणे म्हणजे आपल्याच खोलीवर धोंडा पाडून घेण्यासारखे ठरू शकते. ज्या वस्तुस्थितीवर गावाचा नैतिक दावा उभा आहे, तीच वस्तुस्थिती कायद्याच्या भाषेत दोष ठरते. बीडीडी चाळींची गोष्ट आणखी निराळी. त्या शासनाच्या मालकीच्या असल्याने भाडे नियंत्रण कायदा तेथे लागूच होत नाही. तेथे शासनाचे नियम आणि अधिकाऱ्यांनी ठरविलेली पात्रता, हेच सर्वस्व.

खोलीला फारसे मोल नव्हते तोवर हा वाद सुप्त राहिला. पुनर्विकासाने त्याला धार आली. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने मिळते. बीडीडीत ते ५०० चौरस फुटांचे आहे. लालबाग-परळमध्ये जेथे कापसाचे गठ्ठे उतरत, तेथे आज आलिशान मनोरे उभे आहेत. त्यांच्या शेजारी मिळणाऱ्या अशा घराची किंमत पाटणच्या माणसाला आकड्यांत सांगितली तरी खरी वाटत नाही. कालपर्यंत जी वर्गणीची वही होती, ती आज कोट्यवधींच्या मालमत्तेचा पुरावा ठरू शकली असती. ती वही आता बहुतेक ठिकाणी सापडत नाही.

काही मंडळांनी वेळीच शहाणपण दाखविले. संस्था नोंदणी कायदा १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० यांखाली नोंदणी करून, मालकाशी बोलून, हस्तांतराची रक्कम भरून त्यांनी पावती मंडळाच्या नावे करून घेतली. अशा मंडळांपुढे निदान पुनर्विकासाच्या करारावर सही कोणी करायची हा प्रश्न उरत नाही. त्यांच्यापुढची अडचण वेगळी आहे. नव्या इमारतीत लिफ्ट, पाणी, सुरक्षा यांचा मासिक देखभाल खर्च जुन्या भाड्याच्या कित्येक पटींनी अधिक असतो. शिवाय गृहनिर्माण संस्थेतील इतर सभासदांना शेजारच्या घरात पंधरा तरुण मुले राहिलेली रुचत नाहीत. चाळीत जे सहज खपत होते, ते टॉवरमध्ये तक्रारअर्जाचा विषय होते. शेवटी मंडळ घर भाड्याने देते किंवा विकून टाकते आणि पैसा गावाच्या देवळाला लागतो. देऊळ सुंदर होते. मुंबईत उतरायला जागा मात्र राहत नाही.

मालकांचा लढाही याच काळात निर्णायक टप्प्यावर आला आहे. १९८६ साली म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. इमारतीतील ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केल्यास शासनाने ती इमारत मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत संपादित करून त्यांना द्यावी, अशी त्यात तरतूद होती. प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशनने तिला आव्हान दिले. १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या या वादातूनच नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा ५ नोव्हेंबर २०२४ चा निकाल आला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या ३९(ब) अनुच्छेदातील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही, असे बहुमताने ठरले. देशभर या निकालाची चर्चा समाजवाद आणि उदारीकरण अशा मोठ्या शब्दांत झाली. तिचे मूळ मुंबईच्या चाळीतील भाडेपावतीत होते, हे त्या गदारोळात जवळपास विसरले गेले. म्हाडा कायद्यातील विशिष्ट कलमांच्या वैधतेचा अंतिम निवाडा घटनापीठाने त्या दिवशी केला नाही, हेही नमूद करावयास हवे. दरम्यान, धोकादायक इमारतीचा पुनर्विकास मालकाने सहा महिन्यांत हाती न घेतल्यास ती संधी रहिवाशांच्या नियोजित संस्थेला देणारे ७९-अ हे कलम २०२२ साली राष्ट्रपतींची मंजुरी मिळून कायद्यात आले आहे. मालक आणि भाडेकरू यांच्यातील तराजू असा कधी इकडे, कधी तिकडे झुकतो. तिसऱ्या पक्षासाठी त्यात पारडेच नाही.

गावाच्या या खोलीचे उदात्तीकरणही होता कामा नये. ती पुरुषांची होती. एकट्या बाईला तेथे जागा नव्हती. ती पुष्कळदा एका भावकीची किंवा एका जातीची होती. गावात जी वस्ती वेगळी, तिची मुंबईतली खोलीही वेगळी, हा नियम क्वचितच मोडला. खोलीतील ज्येष्ठांचा दरारा असा, की तरुणाने कोठे जावे आणि पगारातले किती घरी पाठवावे, हेही तेच ठरवीत. ही बंधने झुगारून स्वतःची खोली घेणाऱ्यांची संख्या संपापूर्वीच वाढू लागली होती. आजच्या तरुणाला वीसजणांत वळकटी टाकायची नाही, आणि त्याने ती टाकावी असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही.

परंतु त्याच्यापुढे पर्याय कोणता आहे? १९९९ च्या कायद्यानंतर मुंबईत नव्याने भाड्याने मिळणारी घरे बहुतांशी 'लिव्ह अँड लायसन्स' करारावरच मिळतात. या करारात राहणारा भाडेकरू नसतोच, तो केवळ परवानाधारक असतो. मुदत संपली की घर सोडायचे. न सोडल्यास दुप्पट शुल्क. करार अकरा महिन्यांचाच का, याचे उत्तर अनेकांना ठाऊक नसते. एका वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची म्हणून एक महिना कमी, हा जुना देशभरचा शिरस्ता. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाने मुदत कितीही असो, लेखी करार आणि त्याची नोंदणी बंधनकारक केली असून ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ही तरतूद भाड्याने राहणाऱ्याच्या बाजूची आहे. पण गावाहून आलेल्या मुलाला ती कोण सांगणार? पूर्वी अशा गोष्टी खोलीवर कळत.

त्यामुळे पाटणचा तरुण आज मुंबईच्या मध्यवस्तीत राहत नाही. तो कळवा, घणसोली, दिवा, बदलापूर येथे राहतो आणि रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये घालवितो. अनामत रक्कम, दलालाचा एक महिना, अविवाहित मुलांना घर न देण्याचा संस्थांचा अलिखित नियम, हे सारे ओलांडून मिळालेले घर अकरा महिन्यांनी पुन्हा शोधायचे. पुष्कळांनी आता मुंबईऐवजी पुण्याचा रस्ता धरला आहे. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव, नारायण, नवी पेठेत येणारी ग्रामीण मुले जुन्या वाड्यांत आणि इमारतींत 'कॉट बेसिस'वर राहतात. एका खोलीत चार-सहा खाटा, खाटेचे भाडे वेगळे, मेसचे वेगळे. बाहेरून पाहता हे दृश्य गिरणगावातील गाळ्यासारखेच दिसते. फरक असा, की येथे नवख्याला वर्गणी माफ नसते आणि परीक्षेत दोनदा अपयश आलेल्या मुलाला सांभाळून घेणारे शेजारच्या खाटेवर कोणी नसते. गर्दी तीच राहिली, नाते तेवढे गेले.

शासकीय पातळीवर भाड्याच्या घरांचा विचार होत नाही असे म्हणता येणार नाही. करोनाकाळात शहरांतून पायी निघालेल्या मजुरांचे तांडे पाहिल्यावर केंद्राने २०२० साली परवडणाऱ्या भाडेतत्त्वावरील गृहसंकुलांची योजना आणली; जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली; जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी सामाईक शयनकक्षांच्या धर्तीवर भाड्याची घरे बांधण्याची घोषणा केली. राज्याचे नवे गृहनिर्माण धोरणही २०२५ साली आले. या कागदांत कामगार आहे, विद्यार्थी आहे, नोकरदार महिला आहे. घरे मात्र बहुधा शहराच्या कडेला, जमीन स्वस्त असेल तेथे बांधली जातात. गिरणी कामगारांचा अनुभव ताजा आहे. घरासाठी अर्ज केलेल्या सुमारे पावणेदोन लाख कामगार व वारसांपैकी थोड्यांनाच सोडतीत मुंबईत घर लागले. उरलेल्यांना शेलू आणि वांगणीचे पर्याय दाखविण्यात आले, तेव्हा त्यांनी २०२५ च्या जुलैत आझाद मैदान गाठून मुंबईतच घर मागितले. ज्या जमिनीवर त्यांनी घाम गाळला, तिच्यापासून लोकलने दोन तासांवर घर देणे हे पुनर्वसन आहे की हद्दपारी, असा त्यांचा सवाल होता आणि तो गैरलागू म्हणता येत नाही.

वस्तुतः पुनर्विकासाच्या चौकटीतच या प्रश्नाला थोडीफार वाट काढता येण्यासारखी आहे. नोंदणीकृत गावमंडळाच्या ताब्यातील खोल्यांची स्वतंत्र वर्गवारी करून त्यांच्या मोबदल्यातील घरे एकाच मजल्यावर किंवा एका छोट्या इमारतीत वसतिगृह म्हणून देता येतील. देखभाल खर्चासाठी विकासकाकडून मिळणारा निधी मंडळाच्या नावे ठेवता येईल. त्याच्या बदल्यात मंडळांवर जातीची आणि स्त्री-पुरुष भेदाची अट न ठेवण्याचे बंधन घालता येईल. यात नवा भूखंड लागत नाही आणि मालकाचे किंवा विकासकाचे काही अधिक जात नाही. पण ही मागणी करायला कोणी पुढे आलेले नाही. भाडेकरूंच्या संघटना पावतीधारकांच्या आहेत, मालकांच्या संघटना मालकांच्या. निवडणुकीत मतदारयादी मुंबईची आणि खोलीचा दावेदार गावी, त्यामुळे मुंबईच्या आमदाराला त्याची निकड नाही. पाटणच्या लोकप्रतिनिधीला हा विषय आपल्या हद्दीबाहेरचा वाटतो.

आणि निकड आहे. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली, तेव्हा डोंगरउतारावरील कित्येक गावांना आपण राहतो ती जागाच भरवशाची नाही हे कळून चुकले. अशा गावांतून पुढची पिढी बाहेर पडणारच. आजोबा बाहेर पडले तेव्हा गावाने त्यांच्यासाठी मुंबईच्या मधोमध एक दार उघडे ठेवले होते.

ना. म. जोशी मार्ग आणि नायगाव येथील बीडीडी चाळींचे काम टप्प्याटप्प्याने सुरू आहे. उपकरप्राप्त इमारतींचे प्रस्ताव तर गल्लोगल्ली आहेत. या सर्व ठिकाणी क्रम जवळपास सारखाच असतो: प्रथम रहिवाशांची पात्रता यादी, मग हरकती, मग वैयक्तिक करार. ज्या गावांच्या खोल्या अद्याप उभ्या आहेत, त्यांच्या मंडळांनी पावती सध्या कोणाच्या नावे आहे, शेवटचे भाडे कोणी व कोणत्या वर्षी भरले आणि मंडळाची नोंदणी चालू आहे की लेखापरीक्षणाअभावी नुसती कागदावर उरली आहे, एवढे हरकतींच्या मुदतीपूर्वी तपासावे लागेल. पावतीधारकाच्या कुटुंबाशी काही तडजोड व्हायची असेल, तर ती याच टप्प्यावर, लेखी आणि नोंदणीकृत स्वरूपात होऊ शकते. वैयक्तिक करारावर सही झाल्यानंतर गावाला उरतो तो दिवाणी दावा, आणि त्या दाव्यात साक्ष देऊ शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत.